आधी झोप, मग लक्ष

औरंगाबाद आणि परभणीतून वेगळा होऊन जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कागदावरचा तो कार्यक्रम जालन्यातल्या जाफराबाद-भोकरदनच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचायला फार वर्षं गेली. घरातलं कुणी चार-चार रात्री झोपेना, अखंड बोलू लागलं, उधारीवर वस्तू घेत सुटलं, की शेजारी सांगत, 'बाहेरचं आहे, सैलानीला नेऊन आणा.' त्यात नवल काहीच नव्हतं. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला तो दर्गा त्यामानाने जवळ, तर सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला. मराठवाड्यात एकही नव्हतं.

औषधं मात्र तेव्हाही होती. अशा उन्मादावर लिथियम चालतं, हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्येच दाखवलं होतं. चंचल, लक्ष न टिकणाऱ्या मुलांना आज दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट 1944 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. एक औषध मन खाली आणणारं, दुसरं मेंदूला चेतवणारं. ही दोन्ही एकाच माणसाच्या पिशवीत असू शकतील, असं डॉक्टरांनाही फार काळ वाटत नव्हतं. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या लाटा येणारा आजार, म्हटलं की उत्तेजक औषध वर्ज्य, असाच रिवाज होता.

पण बायपोलर आणि लक्ष न टिकण्याचा आजार हे दोन्ही एकत्र असलेली माणसं असतात, आणि त्यांची फरपट वेगळी असते. उन्माद उतरतो, घर सावरतं, तरी कामात मन ठरत नाही. लोक म्हणतात, आता बरा झालाय ना, मग आळस कशाला? चांगला डॉक्टर इथे आईला विचारतो, 'तिसरी-चौथीत असतानाही हा असाच होता का?' बायपोलरची लाट येते आणि ओसरते. लक्ष न टिकण्याचा आजार लहानपणापासून, लाट नसतानाही, सोबत असतो. माझ्या मते निदानातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच, आणि त्यासाठी लागतो तो फक्त वेळ.

उत्तेजक औषध वर्ज्य मानण्याच्या रिवाजाला 2017 मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासाने नेमकेपणा दिला. बायपोलर असलेल्या आणि मिथाइलफेनिडेट सुरू केलेल्या 2,307 प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मूड स्थिर ठेवणारं औषध चालू नसलेल्यांमध्ये पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका साडेसहा पटींहून अधिक वाढलेला दिसला. ते औषध आधीपासून चालू असलेल्यांमध्ये धोका वाढला नाही. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी लिथियम किंवा तत्सम औषधाने मन आणि झोप स्थिर करायची, मग गरज उरली तरच उत्तेजक, तेही थोड्या मात्रेत, सकाळी, डॉक्टरांच्या नजरेखाली. झोप कमी होऊनही माणूस ताजातवाना दिसू लागला, तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

हा क्रम जालन्यात पाळायचा म्हणजे काय, याचा विचार मला अस्वस्थ करतो. इथल्या स्टील कारखान्यांत भट्टीसमोर रात्रपाळी असते. बायपोलरच्या रुग्णाला झोपेची वेळ बदलणं सगळ्यात महागात पडतं. रात्रभर जागवणारा चहासुद्धा हिशेबात धरावा लागतो, कारण कॅफिनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त जातं आणि चहा एकदम सोडला तर रक्तात ते वाढू शकतं. उन्हाळ्यात घाम आणि अपुरं पाणी यांनीही लिथियमची पातळी चढते. 2012-13 च्या दुष्काळात जालना शहर टँकरकडे डोळे लावून बसलं होतं. तेव्हा लिथियम घेणाऱ्याला 'भरपूर पाणी पीत जा' असं सांगणं सोपं नव्हतं. त्यात मोसंबीच्या बागेत दिवसभर राबून कंबर धरली की माणूस मेडिकलवरून डायक्लोफेनॅक घेतो, आणि त्यानेही पातळी वाढते. साधारणपणे लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल ही सुरक्षित मर्यादा. त्यापुढे हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त तपासायचं असतं, शिवाय ठरावीक काळाने मूत्रपिंड आणि थायरॉइडही.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याने पावलं टाकली, हे मान्यच केलं पाहिजे. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांसाठी आलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात जालनाही होता. आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. 2022 मध्ये 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. जालन्यात प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायलाही मंजुरी मिळाली.

खाटा हव्यातच, पण दोन्ही आजार असलेला हा रुग्ण खाटेवरचा नव्हे. तो कामावर जाणारा, घर चालवणारा माणूस आहे. त्याला लागतं ते असं: मंठा किंवा परतूरसारख्या तालुक्याच्या गावी सकाळी रक्त द्यावं, लिथियमचा आकडा दोन दिवसांत हाती यावा, आणि उत्तेजक गोळी वाढवायची की थांबवायची हे ठरवणारा डॉक्टर दर महिन्याला तोच असावा.