तणसातली साखर

भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी झाली की तणसाचे ढीग उभे राहतात. त्यातला मोठा भाग सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या घट्ट बांधलेल्या साखळ्या. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवणारी ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी त्या साखळ्या तोडण्यात पटाईत.

तिचे एक विकर साखळी मधोमध तोडते, दुसरे टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सोडवते, तिसरे जोडी फोडते. साखरेचे इथेनॉल करणाऱ्या यीस्टला हे जमत नाही. म्हणून बुरशीची जनुके यीस्टमध्ये घालतात. साखळ्या तोडणे आणि इथेनॉल करणे ही दोन्ही कामे एकाच टाकीत व्हावीत, हा हेतू. पण यीस्ट परक्या प्रथिनांवर शर्करेच्या लांब शाखा चढवते आणि विकर मंदावू शकते. शिवाय टोकाकडून जोड्या सोडवणारे ते दुसरे विकर यीस्ट फार थोडे स्रवते. माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे, कारण सेल्युलोजचा कठीण स्फटिकी भाग मुख्यतः तेच फोडते.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभारलेल्या, भाताच्या काडापासून, म्हणजे तणसापासूनच, इथेनॉल करणाऱ्या पानिपतच्या प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. वर्षाला सुमारे २ लाख टन काड, ३ कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची आखणी. असा कारखाना भंडाऱ्यात आलाच, तर तणसावर पहिला हक्क गुरांचा राहावा.