स्वस्त विजेचे घड्याळ कुणासाठी?

मागच्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या एक ताई दाराशी आल्या. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना शिकविणाऱ्या या ताई. थोरला मुलगा बारावीला आहे. त्याने मोबाईलमध्ये घरच्या विजेच्या मीटरचा फोटो काढून दिला होता. मीटरच्या पडद्यावर वेळ दिसत होती ८ वाजून ३२ मिनिटे. आणि फोटो काढला तेव्हाची मोबाईलची वेळ होती ९ वाजून १२ मिनिटे.

ताई म्हणाल्या, "दादा, घड्याळ त्यांचं मागं, मग तोटा माझा का?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र विजेच्या कचेरीतल्या खिडकीवर कुणी देत नाही. म्हणून आधी भानगड काय आहे ते समजून घेतले पाहिजे.

१ जुलै २०२५ पासून राज्याच्या मोठ्या भागात टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी नवी सवलत सुरू झाली. टीओडी मीटर म्हणजे किती युनिट जळले एवढेच नव्हे, तर ते कोणत्या वेळी जळले हेही मोजणारा मीटर. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या आठ तासांत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सूट. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसविणार नाही, अशी घोषणा सरकारने केली होती. त्यानंतर आलेल्या मीटरचे बिल महिनाअखेरच येते हे खरे, पण मीटर घड्याळ घेऊन आला आणि त्यासोबत ही सवलत आली.

वेळेनुसार दर ही गोष्ट कारखानदारांना नवी नाही. गेल्या दशकात राज्यातील उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट मिळत होती. तेव्हा रात्री मागणी कमी आणि कोळशाचे संच बंद ठेवता येत नाहीत, म्हणून रात्रीची वीज स्वस्त. आता सूर्यावरची वीज वाढली, ती दुपारी मुबलक असते, म्हणून स्वस्ताई रात्रीतून दिवसात आली. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांनी सौर तासांचा दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान वीस टक्के कमी असावा आणि गर्दीच्या वेळेचा दर घरगुतीसह इतर ग्राहकांना किमान १.१० पट असावा, असे राज्यांच्या आयोगांना सांगितले आहे. म्हणजे आज हाती पडते ती सवलत. उद्या संध्याकाळच्या विजेला जादा दर लावायची सोय नियमात करून ठेवलेली आहे, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

नको असलेली वेळ कुणाच्या माथी मारायची, हा प्रश्न आपल्या खेड्यांना चांगला ठाऊक आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज आठवडा बदलून दिवसा आणि रात्री. रात्रीच्या पाळीत दारं धरायला बांधावर कोण जातो? बंगल्यातला मालक क्वचित. सालगडी जातो, अल्पभूधारक जातो. विंचू-सापाच्या अंधारात त्याने ती वेळ काढली, तेव्हा ग्रीडचा भार समतोल राहिला.

आता पुन्हा ताईंकडे येऊ. सोमवार ते शनिवार त्या सकाळी साडेसातला घर सोडतात आणि सहाच्या पुढे परततात. नवरा बांधकामावर, मुले शाळा-कॉलेजात. नऊ ते पाच या स्वस्त तासांत त्यांच्या घरात जळते ते काय? काहीच नाही. पहाटे पाणी तापवायचा रॉड, संध्याकाळी मिक्सर, दिवे, पंखा, रात्री अभ्यासाचा दिवा आणि मोबाईलचे चार्जर. सगळा वापर सवलतीच्या अलीकडे किंवा पलीकडे. पण याच ताई सकाळी अकराला दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचे बटण दाबतात. ती वीज ८० पैशांनी स्वस्त. हात ताईंचा, सवलत मालकिणीची! त्या बाईंवर माझा राग नाही. घरी म्हातारे सासू-सासरे आहेत, दिवसभर पंखे-एसी चालतात, त्यांना सूट मिळाली तर मिळो. पण हिशेब मांडून पाहू. तीनशे युनिट जाळणाऱ्या घराने निम्मी वीज दिवसा वापरली, तर महिन्याला १२० रुपये वाचतात. शंभर युनिटच्या घराने दिवसा दहा वापरले, तर आठ रुपये. जो जास्त जाळतो आणि ज्याच्या घरी दिवसा माणूस असतो, त्यालाच ही सवलत ओळखते.

ताईंनी तरीही युक्ती काढली. रविवारी सुट्टी. नऊच्या ठोक्याला इस्त्री लावायची, शेजारपाजारच्या कपड्यांची पाऊण तास इस्त्री करायची, मग बाहेरच्या कामाला निघायचे. मुलानेच तसे सांगितले होते. पण मीटरचे घड्याळ चाळीस मिनिटे मागे. त्यामुळे मीटरच्या लेखी नऊ वाजायच्या आत ताईंची बहुतेक इस्त्री उरकलेली असते. सवलतीत धरली जातात शेवटची पाच मिनिटे. उलट संध्याकाळी पाच वाजून गेल्यावरही मीटर चाळीस मिनिटे सूट देत राहतो, पण तेव्हा घराला कुलूप.

हजार वॅटची इस्त्री धरली तर एका रविवारचा तोटा सुमारे त्रेपन्न पैसे. त्रेपन्न पैशांसाठी एवढा मोठा लेख, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. रेशन दुकानदाराने काटा मारला तेव्हाही पन्नास ग्रॅमच जात होते. मुकादमाने हजेरी अर्ध्या तासाने कापली तेव्हाही चार आणेच जात होते. माप ज्याच्या हातात, तो चुकला तर चूक नेहमी एकाच बाजूला का पडते, हे विचारायला आपल्या माणसांनी फार वर्षे घेतली. आता माप बदलले आहे. काटा गेला आणि घड्याळ आले.

या घड्याळाच्या घोळात आपण पहिले नाही. ब्रिटनमध्ये १९७८ साली 'इकॉनॉमी ७' नावाचा दर आला. रात्रीचे सात तास स्वस्त, आणि त्या बदल्यात दिवसाचा दर साध्या दरापेक्षा चढा. रात्री विटांचे हीटर तापवायचे आणि दिवसभर त्यांच्या उबेवर राहायचे, असा हा बेत. भाड्याच्या लहान घरांत, नगरपालिकांच्या इमारतींत असे हीटर पुष्कळ बसले. पण ते सात तास नेमके कोणते, हे भागाभागात वेगळे. त्यात तिकडे मार्चअखेर घड्याळे एक तास पुढे करतात. अनेक मीटर मात्र वर्षभर जुन्याच वेळेवर चालतात. म्हणजे ज्या घरी हिवाळ्यात स्वस्त वीज रात्री साडेबाराला सुरू होई, तिथे उन्हाळ्यात ती दीडला सुरू होणार. भिंतीवरचे घड्याळ पाहून साडेबाराला मशीन लावणाऱ्याने एक तास चढ्या दराने भरला. काही मीटरांत चावीसारखे फिरणारे यांत्रिक घड्याळ असे. वीज गेली की तेही तेवढा वेळ थांबे आणि मागे पडे.

त्यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात बीबीसीच्या लाँग वेव्ह रेडिओवरून मीटरांना वेळेचा संकेत पाठविण्याची पद्धत सुरू झाली. ती यंत्रणा जुनी झाली आणि ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे काम निघाले. संकेत थांबला की हीटर सतत चालू राहील, सतत बंद राहील किंवा भलत्या वेळी तापेल, असा इशारा तिथे आधीच द्यावा लागला. एवढ्या श्रीमंत देशात चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही ग्राहकाला आपला स्वस्त तास शोधावा लागतो. तिथल्या लोकांची युक्ती साधी आहे. स्वस्त वेळ सुरू होण्याच्या सुमारास एखादे जड उपकरण लावायचे आणि मीटरसमोर उभे राहून कोणता आकडा हलतो ते पाहायचे.

आपल्याकडे मीटरच्या आत बारीक बॅटरीवर चालणारे घड्याळ असते. उन्हाने, बॅटरीने, बिघाडाने ते सरकू शकते. स्मार्ट मीटरची वेळ दुरून दुरुस्त करता येते, पण त्यासाठी मीटरचा संपर्क जुळलेला हवा. आणखी एक घोळ असतो तो टप्प्यांचा. दराचे तास आदेशाने बदलतात, पण मीटरच्या आतले टप्पे कुणीतरी बदलल्याशिवाय बदलत नाहीत. आणि बिलावर युनिट छापतात, सूट छापतात. मीटरचे घड्याळ बरोबर होते की नाही, ते छापत नाहीत.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि विजेचा कारभार त्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, अशी मांडणी केली. वीज सरकारी मालकीची असावी की खासगी, आणि खासगी असली तर लोकहितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालाव्यात, हा प्रश्नही त्यांनीच समितीपुढे ठेवला. ज्याच्या खोलीत एक दिवा जळतो, तो माणूस त्या मांडणीच्या मध्यभागी होता. आजच्या सवलतीच्या तक्त्यात तो कोपऱ्यातही सापडत नाही.

सूर्य रात्री तळपणार नाही, हे मान्य. सौर विजेला आपला विरोध नाही, असूही नये. पण दुपारची स्वस्त वीज खरेदी करून वीज कंपनीचा एकूण खर्च उतरत असेल, तर त्यातला वाटा महिना शंभर युनिटच्या आतल्या घरांना चोवीस तास द्या. दिवसभर घराबाहेर राबणाऱ्यांना 'दिवसा वापरा' असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. आणि घड्याळ चुकले तर चूक मीटरवाल्याच्या खात्यावर टाका. फरक असलेल्या काळातली संपूर्ण सूट ग्राहकाला द्या.

ही मागणी आयोगाच्या सुनावणीत करायची. दरवाढीच्या सुनावणीला उद्योगांचे वकील येतात, आपले कुणी जात नाही. तोवर करण्यासारखे काम वस्तीतच आहे. मीटरच्या पडद्यावर तारीख आणि वेळ आळीपाळीने येते. ती मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहावी. फरक दिसला की लेखी तक्रार द्यावी. दाद लागली नाही तर वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. स्मार्ट मीटर असेल तर त्याची दिवसातून किमान एकदा दुरून नोंद घ्यावी आणि ती माहिती ग्राहकाला द्यावी, असे २०२३ च्या नियमांत आहे; ती माहिती वेळेसकट मागावी.

ताईंचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहिला. एक पान. ग्राहक क्रमांक, फोटोची तारीख, मीटरची वेळ, खरी वेळ, चाळीस मिनिटांचा फरक, आणि मीटर बसल्याच्या दिवसापासून हिशेब पुन्हा करून मिळावा ही विनंती. सोमवारी कामाला दांडी मारायला ताई तयार नव्हत्या. एका दिवसाचा पगार जातो. म्हणून मुलगा कॉलेजच्या आधी जाऊन अर्ज देऊन आला. खिडकीवरच्या माणसाने पोच द्यायला नकार दिला. मुलगा हलला नाही. पाऊण तासाने शिक्का मिळाला.