लठ्ठपणाचं खापर जिवाणूंवर?

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने काही उंदीर जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवले होते. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता. साध्या उंदरांचे जिवाणू त्यांच्यात सोडल्यावर चौदा दिवसांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही खाणं कमी झालेलं असताना! २००४ साली हे प्रसिद्ध झालं आणि लठ्ठपणाच्या चर्चेत आतड्यातल्या जिवाणूंनी ठाण मांडलं.

त्याच गटाचा २०१३चा प्रयोग अधिक रंगतदार. जुळ्या बहिणींच्या चार जोड्या निवडल्या. प्रत्येकीत एक लठ्ठ, दुसरी सडपातळ. दोघींच्या विष्ठेतले जिवाणू वेगवेगळ्या निर्जंतुक उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू ज्यांना मिळाले, त्यांच्यावर चरबी जास्त चढली. मग दोन्ही गटांतले उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात (फराळाची ताटली शेजारी असेल त्यांनी क्षमा करावी), त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप झाली. सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या गटाच्या आतड्यात स्थिरावले आणि त्या उंदरांचं लठ्ठ होणं टळलं. उलट काही घडलं नाही. अट एकच होती : खाद्यात चरबी कमी आणि तंतुमय पदार्थ भरपूर हवेत. स्निग्ध, फळंभाज्या कमी असलेल्या खाद्यावर त्या जिवाणूंचं काही चाललं नाही. हा प्रयोग सांगताना ही अट सहज गळून जाते. मला तर सगळी मेख तिथेच दिसते.

माणसांत चित्र इतकं सरळ नाही. आम्स्टरडॅममध्ये चयापचय बिघडलेल्या लठ्ठ पुरुषांना सडपातळ दात्यांची विष्ठा नळीवाटे दिली. सहा आठवड्यांत इन्शुलिनला त्यांचं शरीर बरी दाद देऊ लागलं. वजनाचा काटा मात्र हलला नाही. तिथल्याच २०१७च्या प्रयोगात तो फायदाही अठरा आठवड्यांनी ओसरलेला दिसला. ‘फर्मिक्युटीस वाढले, बॅक्टेरॉइडीटीस घटले की लठ्ठपणा’ हे आतड्यातल्या दोन जिवाणूगटांचं गाजलेलं समीकरणही, दहा अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासल्यावर, २०१६ मध्ये कच्चंच निघालं.

मग जिवाणूंचा काहीच संबंध नाही? आहे, पण तो वजनापेक्षा आतड्याच्या अस्तराशी अधिक. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, सालीसकट डाळी यांतला जो भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. तंतू तोडले तर काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्मच खाऊ लागतात, हे उंदरांत दिसलं आहे. बेल्जियमच्या पॅट्रिस कानी यांनी २००७ मध्ये दाखवलं, की अतिस्निग्ध आहारावरच्या उंदरांच्या रक्तात जिवाणूंच्या कवचातलं विष दोन-तीन पटींनी वाढतं. त्यातून मंद दाह धुमसत राहतो आणि इन्शुलिनचं काम अडतं. माणसांतही थोड्याफार प्रमाणात हेच होत असावं.

श्लेष्मावरच जगणारा ॲकरमॅन्सिया नावाचा जिवाणू मात्र उपकारक समजला जातो. बेल्जियममध्येच तो लठ्ठ स्त्री-पुरुषांना तीन महिने देऊन पाहिला. ३२ जणांनी प्रयोग पूर्ण केला. २०१९च्या निष्कर्षांत इन्शुलिनची दाद आणि कोलेस्टेरॉल सुधारलं, वजनात नाव घेण्याजोगी घट नव्हती. गंमत अशी, की गुण आला तो जिवंत जिवाणूंचा नव्हे, दुधासारखे पाश्चरीकरण करून मारलेल्या जिवाणूंचा. त्यांच्या बाह्य आवरणातलं एक प्रथिन उष्णतेला पुरून उरतं, आणि एकट्या त्या प्रथिनानेही उंदरांत बराचसा तोच परिणाम साधला होता.