चाळिसात पाच

कल्याणातल्या एका स्थानिक कबड्डी स्पर्धेत चढाईपटूने तिघांना झटकून मध्यरेषा गाठली. अख्खं मैदान ओरडलं, आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वहीत लिहिलं, 'डावा कोपरा. हात लवकर सोडला.' गुण कुणी घेतले याची नोंदच नाही! ते प्रशिक्षक निघाले, पोरं त्यांना मास्तर म्हणतात. दोन दिवसांनी मी डोंबिवलीत त्यांच्या सरावाला जाऊन बसलो.

मास्तरांपुढे पेच होता. प्रो कबड्डीचे संघ मोठ्या लिलावाखेरीज १८ ते २२ वयाची नवी पोरंही पारखून घेतात. तशा एका चाचणीला पाठवायला नाव एकच आणि डावे कोपरारक्षक दोन. एक उंच, ८३ किलोचा. पुरुषांची मर्यादाच ८५. याचा हात मांडीला पडला की चढाईपटू जागीच खिळतो. दुसरा बुटका. एमआयडीसीत रात्रपाळी करतो, करंगळी आणि अनामिका एकत्र चिकटपट्टीने बांधलेली. हा दिसायच्या आधी त्याच्या आयोडेक्सचा वास येतो.

धावणं, बैठका, पकडींची उजळणी झाली आणि आपसातला सामना लागला.

"चाळीस मिनिटांचा खेळ, तीस सेकंदांची चढाई," मास्तर म्हणाले. "म्हणजे जास्तीत जास्त ऐंशी चढाया, त्यातल्या चाळीस आपल्यावर. पोराने पाच पकडी केल्या की टीव्हीवाले 'हाय फाइव्ह' म्हणून नाचतात. चाळिसात पाच! उरलेल्या पस्तीस वेळा तो काय करतो, ते बघा."

मग मी तेच बघत बसलो. कोपरारक्षक शेजारच्याचा हात धरून उभा असतो, ही साखळी. समोर सहा किंवा सात जण असले की चढाईपटू बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकतो, तेव्हा दुसरा हवेत हवा. घोटा धरायचा तो याच क्षणी. त्याआधी साखळी सोडून झेपावलं तर स्पर्श होतो, गुण जातो आणि कोपऱ्यात भगदाड पडतं.

उंच पोरगा आठदा झेपावला. पाच पकडी, तीनदा बाद. बुटक्याने दोनच पकडी केल्या. पण त्याचा तो पट्टी बांधलेला हात! चढाईपटू कोपऱ्याकडे वळला की बोटं किंचित सैलावत, तो मागे सरला की पुन्हा घट्ट होत. कितीतरी चढाया त्याच्या बाजूने रिकाम्या परतल्या. गुणपत्रकात त्याला रकाना नाही. अमेरिकी फुटबॉलमध्येही पुढच्या फळीतली धिप्पाड पोरं चेंडूला हात न लावता आपल्या माणसासाठी भिंत होतात. त्यांना पारखणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच असावं.

कोपऱ्याला भाव नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०१८च्या लिलावात पहिल्यांदा कोटीचा आकडा गाठला तो इराणच्या फजल अत्राचलीने, डाव्या कोपऱ्यातल्या माणसाने. यू मुंबाने त्याला १ कोटीला घेतलं. २०२३मध्ये मोहम्मदरेझा शादलूसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. कल्याणच्या पोरांना एवढं लांब बघायलाही नको. त्यांचा गिरीश इर्नाक कोपऱ्यातूनच २०१८च्या आशियाई स्पर्धेत, जकार्त्याला पोचला. त्या वेळी आपण उपांत्य फेरीत इराणकडून हरलो आणि कांस्यावर थांबलो.

सराव संपल्यावर मास्तरांनी वही मिटली. "चाचणीत किती वेळ मिळणार? चार-पाच चढाया," ते म्हणाले. "तेवढ्यात पकड दिसली पाहिजे. न केलेली पकड कुणाला दाखवू?"

बुटका तोवर पिशवी खांद्याला लावून पाळीवर निघालाही होता.

मास्तरांनी उंच पोराचं नाव पाठवलं. मी बुटक्याचं पाठवलं असतं.