मनोरुग्णाला कोठडी नको

बसस्टँडवर फाटक्या कपड्यांत, स्वतःशीच बोलत फिरणारा माणूस आपण सर्वांनी पाहिलेला असतो. अशा माणसाला पोलीस कोठडीत टाकतात काय, असे रुग्णांचे नातेवाईक मला विचारतात. कायद्याने ते चालत नाही. याचे बरेच श्रेय शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार बाईंना आहे. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली कोठडीतील स्त्रियांच्या संरक्षणासाठी सूचना दिल्या. पुढे बंगालच्या तुरुंगांत काहीही गुन्हा नसताना डांबलेल्या मनोरुग्णांसाठी त्या भांडल्या. १९९३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरविली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पोलिसांनी अशा भटक्या रुग्णाला २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे असते. म्हणजे आपल्याकडे अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार. हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणेही त्यांचेच काम. साखळीने बांधणे तर घरीसुद्धा गुन्हाच.

पुष्कळदा हा आजार स्किझोफ्रेनिया असतो. नियमित गोळ्यांनी काही आठवड्यांत फरक पडतो. कित्येकांना गावाचे नावही आठवते. (अंगारे-धुपाऱ्यात वर्ष घालवून मग आमच्याकडे येऊ नका.) असा रुग्ण दिसला तर पोरांना दगड मारू देऊ नका, खायला द्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. सल्ल्यासाठी १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट लागतो.