स्पॅनिश ग्राहकाला बिल पाठवताय? आधी हा एक शब्द पक्का करा : ‘फाक्तूरा’

समजा, तुमची हळद किंवा हातमागाचा माल स्पेनमधल्या एखाद्या दुकानदाराला आवडला. माल गेला, आता पैसे यायचे. इथे एक शब्द चुकला तरी पेमेंट आठवडाभर लांबू शकतं. म्हणून आज एकच शब्द शिकू, पण नीट.

शब्द आहे ‘फाक्तूरा’, म्हणजे इन्व्हॉइस. उच्चार सोपा आहे. ‘त’ आपल्या ‘तूप’मधला, इंग्रजी ‘ट’ नाही. जोर ‘तू’वर द्यायचा.

ती फाक्तूरा, तो नाही

मराठीत तो, ती, ते आहे. स्पॅनिशमध्ये नामांची लिंगं दोनच : पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. आपण ‘ते बिल’ म्हणतो, पण फाक्तूरा स्त्रीलिंगी. म्हणून ‘ला फाक्तूरा’. ‘एल फाक्तूरा’ म्हटलं की ‘तो भाकरी’ म्हटल्यासारखं कानाला खटकतं. एक बिल म्हणजे ‘ऊना फाक्तूरा’, अनेक असली तर ‘लास फाक्तूरास’.

विशेषणही सोबत बदलतं, आपल्या ‘मोठा-मोठी’सारखं. पैसे भरलेलं बिल म्हणजे ‘फाक्तूरा पागादा’, ‘पागादो’ नाही. थकलेलं बिल मात्र ‘फाक्तूरा पेन्दिएन्ते’. हा शब्द दोन्ही लिंगांना तसाच राहतो.

आणि हो, शेवटी ‘आ’ दिसला की डोळे झाकून स्त्रीलिंग धरू नका. ‘प्रोब्लेमा’ पुल्लिंगी आहे! हे वाक्य पाठच करा : ‘आय उन प्रोब्लेमा कोन ला फाक्तूरा’, म्हणजे बिलात काहीतरी अडचण आहे. दोन्ही लिंगं एकाच वाक्यात.

कुठलं बिल, कुठला शब्द?

• हॉटेलात जेवल्यावर मागायचं बिल : ‘ला क्वेन्ता’
• पैसे मिळाल्याची पावती : ‘एल रेसीबो’ (स्पेनच्या बहुतेक भागात ‘रेथीबो’ ऐकू येईल)
• माल पाठवण्याआधीचा अंदाजी कागद : ‘फाक्तूरा प्रोफोर्मा’
• कस्टमला लागणारं इन्व्हॉइस : ‘फाक्तूरा कोमेर्सिआल’

सगळ्यात महागात पडते ती प्रोफोर्माची गल्लत. प्रोफोर्मा म्हणजे पक्कं बिल नव्हे. माल गेल्यावरही तोच कागद पाठवलात, तर समोरचा अकाउंटंट पक्क्या बिलाची वाट बघत बसतो आणि आपण पैशांची!

एक गंमत : अर्जेंटिनात बेकरीत जाऊन ‘फाक्तूरास’ मागितलेत तर गोड पेस्ट्री हातात येईल. तिथे बिलालाही फाक्तूराच म्हणतात, संदर्भावरून कळतं.

आकडा लिहिताना सांभाळा

स्पेनमध्ये हजारासाठी सर्रास टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. आपलं १,२५०.५० तिथे १.२५०,५० असं दिसतं. मेक्सिकोत मात्र दशांशाला टिंबच. म्हणून एकूण रक्कम अक्षरातही लिहा, वाद राहत नाही.

ईमेलची दोन वाक्यं

‘ले एम्बीओ ला फाक्तूरा’ : आपल्याला इन्व्हॉइस पाठवत आहे. यातला ‘ले’ आदरार्थी आहे, नव्या ग्राहकाला हाच वापरा.

‘आ रेसिबीदो ला फाक्तूरा?’ : आपल्याला इन्व्हॉइस मिळालं का? पैशांची आठवण करून द्यायची ही सभ्य पद्धत. थेट ‘पैसे कधी देताय?’ विचारण्यापेक्षा नातं टिकतं.

आजचा गृहपाठ : तुमचं शेवटचं बिल समोर घ्या आणि ‘ला फाक्तूरा’ दहा वेळा मोठ्याने म्हणा. घरचे हसले तर हसू द्या. पैसे खात्यात आले की तेही शिकतील!