मार्कंड्याची शिल्पं, उतरत्या उन्हात

महाशिवरात्रीच्या जत्रेला आपण आष्टीचा पूल ओलांडून चामोर्शीच्या वाटेने मार्कंडादेवला जातो. उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी हजारएक वर्षांपूर्वीची शिल्पं उघड्यावर उभी आहेत. पण मोबाईलमध्ये ती सपाट दिसतात. यात मोबाईलपेक्षा वेळेचा दोष जास्त.

सारवलेल्या भिंतीसमोर दिवा धरला तर भिंत गुळगुळीत दिसते. तोच दिवा बाजूला धरा, बोटांचा एकेक ओरखडा उठून दिसेल. कारण सावली. दुपारी ऊन डोक्यावरून येतं, मूर्तीचे डोळे, ओठ अंधारात जातात. सूर्य मावळण्याआधीच्या तासाभरात ऊन तिरपं होतं आणि दागिना, बोटं, वस्त्राची चुणी वेगळी दिसते.

भिंतही निवडावी लागते. पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळी ऊन समोरून पडतं. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो, तेव्हा दक्षिणेची भिंत घ्या. मे-जूनमध्ये तो वायव्येकडे सरकतो, मग उत्तरेची.

आता मोबाईल. आधी पदराने काच पुसा. फ्लॅश बंद ठेवा, तो सावलीच पुसून टाकतो. पडद्यावर मूर्तीवर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. शिल्पावर पाणी, तेल, खडू लावू नका. दगड खराब होतो. हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिपाई किंवा ड्रोन वापरायचा तर आधी परवानगी लागते. दुरुस्तीच्या बांबूंखाली जाऊ नका.

प्रत्येक शिल्पाचे तीन फोटो काढा: पूर्ण भिंत, शेजारच्या मूर्तींसह एक आणि जवळून एक. तारीख आणि भिंतीची दिशा लिहून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला? १८७३ ते १८७५च्या दौऱ्यांत अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या पुरातत्त्व खात्याने इथली नोंद केली, म्हणून तेव्हा काय उभं होतं ते आज कळतं. वाळूचा दगड ऊन-पावसाने झिजतो. एखादी मूर्ती फुटली किंवा चोरीला गेली, तर ती कुठे आणि कशी होती हे सांगायला जुना, स्पष्ट फोटोच पुढे येतो. तो तुमच्या मोबाईलमधला असू शकतो. यंदा जत्रेत स्वतःचा फोटो काढाच, पण शिल्पांसाठी अर्धा तास राखून ठेवा.